दुसरा नारळ

रत्नागिरी, ७ डिसेंबर

चि. हर्षद,

इकडे सर्व ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, ते लिहून झालं. आता खरं लिहित्ये.

परवा फोनवर जुनेदचं नाव काढलं तर तू म्हणालास, "आई, हे विषय फोनवर नकोत." बरं बाबा. म्हणून हे पत्र, स्पीडपोस्टाने, जाड पाकिटातून. तुझ्या खात्याला कागद आवडतात ना, मग घे कागद.

तुला ठाऊक आहे तेच परत सांगत्ये, कारण परराष्ट्राचा कारभार बघणाऱ्या माणसाला दहा देश सांभाळायचे असतात, त्यात गडग्यापलीकडचं घर विसरायला होत असेल. आपल्या शेजारच्या हफीजाचा जुनेद, तुझ्या वर्गातला, तुझ्याच बाकावरचा, ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर अडकलाय. लहानशी मालवाहू बोट, तिच्यावर तो सेकंड इंजिनिअर. इंजिन बिघडलं म्हणून जवळच्या बंदरात शिरले, नि ते बंदर फौजेच्या हातून केव्हाच गेलेलं. तिथे आता बंडवाल्यांचं राज्य. बोटीत डिझेलची पिंपं सापडली, म्हणजे हे फौजेला तेल पोचवणारे, असं त्यांनी ठरवलं नि सगळ्यांना धरून ठेवलं. बोटीची कंपनी फोन उचलत नाही. मालक कोण, कुठला, त्याचा पत्ता नाही.

हफीजा काल आली नि ओटीवर बसली. रडली नाही. चहा पुढे केला तो तसाच ठेवला. म्हणाली, "बाई, हर्षद त्याच देशाचं काम बघतो ना?" तिचे यजमान गेल्यापासून तिला हा एकच मुलगा, हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, "हो गो, त्याच्याच हातात आहे सगळं. तो कामाला लागलासुद्धा." मग तिने चहा प्यायला.

तर तू लाग कामाला, म्हणजे मी खोटी पडणार नाही.

विहिरीवरचा पंप परत गुरगुरायला लागलाय. जुनेद सुट्टीवर आला की बघतो, म्हणून मी दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. सूनबाईला, शमिकाला, आशीर्वाद.

तुझी आई


रत्नागिरी, ११ जानेवारी

चि. हर्षद,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

तुझं पत्र आलं. टाइप केलेलं. आईला टाइप करून पत्र पाठवणारा मुलगा मी जन्माला घातला हे मला ठाऊक नव्हतं. वाचलं. परत वाचलं. मग आल्याचा तुकडा चघळत बसल्ये. "सर्व संबंधित पक्षांनी संयम बाळगावा. संवादातून तोडगा निघावा. हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न असून तो त्यांनीच सोडवावा, अशी आपली सातत्यपूर्ण भूमिका आहे. घडामोडींवर आपण बारीक लक्ष ठेवून आहोत." अरे, लक्ष तर नाक्यावरच्या वाण्याचंही असतं आमच्या घरावर. शाळेत मी तुला निबंध शिकवले ते यासाठी? या एवढ्या पानात जुनेद कुठे आहे ते मला दाखव.

जुनेदचा फोन आला होता. त्यांच्यातल्या एका हिंदी येणाऱ्या माणसाने जोडून दिला. जेवायला भात नि सुकी मासळी देतात, घरच्यासारखंच आहे म्हणून हसला. बाकीचे खलाशी सुटले, रे. ज्याच्या त्याच्या देशाने बंडवाल्यांना एक पत्र लिहिलं, आमचा माणूस सोडा म्हणून, नि आपापला माणूस नेला. आता तिथे एकटा जुनेद. त्यांचा म्होरक्या म्हणतो, "तुमच्या सरकारनेही लिहावं. पाकिटावर आमच्या संघटनेचं नाव घालावं. दुसरं काही नको आम्हाला."

तर यावर तुझं उत्तर असं, की नाव घातलं की मान्यता दिल्यासारखं होतं. राजधानीतले फौजी सरकारवाले रागावतात. आपली सरहद्द आहे, तिकडून आपला रस्ता बांधणं चाललंय, पुढचामागचा विचार करावा लागतो. आपण बोलणार ते फक्त राजधानीशी. आणि ज्या बंदरात राजधानीचं कुत्रंही शिरू शकत नाही, तिथल्या माणसाला राजधानी कशी सोडवणार, ते काही तू टाइप केलेलं नाहीस.

खाली एक ओळ तेवढी हाताने लिहिलीस, "फाइल माझ्याच टेबलावर आहे, मी बघतो." तेवढी मी हफीजाला वाचून दाखवली. वरचं पान दुमडून धरलं होतं.

तुझ्या वडिलांना या भानगडीत आणायचं नव्हतं, पण आणत्ये. सावर्ड्याकडचं आपलं गाव नि पऱ्यापलीकडचं गाव, दोन्हीकडच्या देवी बहिणी. शिमग्यात दोघींच्या पालख्या पऱ्याच्या काठावर, वाहत्या पाण्याशी भेटतात. त्याआधी आपल्याकडून तिकडे नारळ जातो. तो तिथल्या मानकऱ्याच्या हातात दिला की आमंत्रण पोचलं. तिकडे थोरलं घर नि धाकटं घर यांच्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून जुंपली, डोकी फुटली, कोर्टकज्जे झाले, वर्षानुवर्षं देऊळ बंद. नि आपले गावकरी काय करत होते? दर शिमग्याला नारळ थोरल्या घरात देऊन हात झटकत होते. देवळाची किल्ली थोरल्यांकडे, म्हणून मानकरी तेच. "त्यांच्या गावचा मामला, त्यांनीच मिटवावा." वाक्य ओळखीचं वाटलं का? पण पऱ्याकडे उतरणारी वाट धाकट्या घराच्या वाडीतून, नि ते काठ्या घेऊन उभे. म्हणजे आमंत्रण दरवर्षी पोचायचं नि पालखी काही यायची नाही.

नारळ नेण्याचा मान आपल्या घराचा. त्या वर्षी यांनी दोन नारळ घेतले. एक थोरल्या घरात दिला नि दुसरा घेऊन एकटेच धाकट्यांच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. गावात केवढा गहजब झाला. महिपतने धाकट्यांना मानकरी करून टाकलं, म्हणे. हे म्हणाले, "मी कोण मानकरी करणारा? वाट त्यांच्या हातात आहे, तर बोलायचं कुणाशी, झाडांशी?" थोरल्या घराने आपल्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. आपल्या काजूकडे जायची वाट अडवली. यांच्या दिवसकार्यालासुद्धा तिकडून कुणी फिरकलं नाही. पण त्या शिमग्याला दोन्ही घरं पऱ्यावर आली. एकमेकांकडे बघत नव्हती, पण आली.

हे सगळं तुला ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की नोकरीच्या मुलाखतीत तू हीच गोष्ट सांगितलीस नि समोरचे साहेब खूश झाले. तूच घरी येऊन सांगितलंस. मी पेढे वाटले, पहिला हफीजाला दिला.

आता त्या गोष्टीचं काय करायचं ते तू ठरव.

तुझी आई


रत्नागिरी, २४ फेब्रुवारी

हर्षद,

परवाचं सगळं तू स्वतः तिथे होतास, तरी लिहून काढत्ये. पुढेमागे तुला असं वाटायला नको की ते झालंच नव्हतं.

फौजी सरकारचे पाहुणे त्यांच्या, इथे कैदेत वारलेल्या थिबा राजाच्या समाधीवर फुलं वाहायला आले. आठवडाभर माणसं चुना मारत होती, गवत काढत होती. एरवी जिथे आंब्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर आडोशाला उभे राहतात तिथे गालिचा अंथरला. पाहुण्यांबरोबर दिल्लीहून तू येणार हे मला पेपरातून कळलं. हफीजालाही पेपरातूनच कळलं. ती जुनेदचा पांढऱ्या कपड्यातला फोटो भिंतीवरून काढून, फ्रेमसकट घेऊन आली. म्हणाली, "बाई, आपण वळणावर उभ्या राहू. आपल्याला बघितलं की थांबेल तो."

राहिलो उभ्या. ऊन रणरणत होतं. पोलीस म्हणाला, मागे व्हा आजी. मागे झालो. गाड्या आल्या. वळणावर एक रिक्षा आडवी आली म्हणून तुझी गाडी अगदी आमच्यासमोर थांबली. काच अर्धी खाली होती. तू माझ्याकडे बघितलंस. मग फोटोकडे बघितलंस. मग काच वर गेली.

हफीजा म्हणाली, "त्याला दिसलो नसू." मी म्हटलं, "ऊन डोळ्यावर होतं त्याच्या."

संध्याकाळी घरी आलास. बूट न काढता ओटीवर बसलास, खाली तुझी गाडी चालूच होती. मी जुनेदचं विचारलं तर म्हणालास, "आई, आत्ता वेळ नाजूक आहे." कुणाची नाजूक, रे? मग विषय बदलायला म्हणालास, पाहुण्यांना आपल्याकडची तळलेली सुरमई फार आवडली, त्यातले एक साहेब तर कोकमाची सोलं बांधून घेऊन गेले. किती कौतुकाने सांगत होतास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होत्ये नि मला शिसारी आली. पोटच्या पोराची शिसारी येते हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. तू गेल्यावर तुझा कप मी घासला, नि पुन्हा घासला, नि मग शेगडीवरची भांडी धरायच्या फडक्याने धरून फडताळात ठेवला.

आणि गेलास कसा? परसातून. मागच्या बोळाने. गाडी तिकडे वळवून घ्यायला सांगितलीस. गडग्याचे चिरे पाडून तू नि जुनेदने लहानपणी ये-जा करायला खिंड केली होती, ती अजून तशीच आहे. त्या खिंडीतून पलीकडे दिसेल, हफीजा दारात बसलेली असेल, म्हणून परसातून. एवढा मोठा अधिकारी झालास नि दोन घरांमधून चालत जायची तुझी छाती झाली नाही.

पत्रात आशीर्वाद घालायला आज हात होत नाही.

आई


रत्नागिरी, १६ मार्च

हर्षद,

जुनेदचा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली.

फोन मला आला, हफीजाला नाही. जुनेदच बोलला. आवाज असा, जसा विहिरीतून येतोय. बंदरावर विमानांनी बॉम्ब टाकले. हा गोदामाच्या भिंतीपाशी होता. तिकडच्या डॉक्टरने मिणमिणत्या बॅटरीच्या उजेडात पाय कापला. "बाई, अम्मीला तुम्ही सांगा. माझ्याच्याने होत नाही." विमानं कुणाची ते मी विचारलं नाही. बंडवाल्यांकडे विमानं नाहीत एवढं मलाही कळतं. सुरमई ज्यांना आवडली त्यांचीच ती.

रोजे चालू आहेत. मी सूर्य मावळायच्या आधीच जाऊन बसल्ये नि काही बोलल्ये नाही. अजान झाली, तिने खजूर तोंडात घातला, पाणी प्यायली, तोवर थांबल्ये. उपाशी पोटावर कसं सांगायचं? मग सांगितलं. तिने विचारलं, "जिवंत आहे ना?" म्हटलं, आहे. उठली, पाण्याचा पेला धुतला, पालथा घातला नि पुन्हा उचलून धुतला. मी घरी येईपर्यंत ती तो पेलाच धूत होती.

आणि काल तुमचं निवेदन छापून आलं. "वाढत्या हिंसाचाराबद्दल आपल्याला तीव्र चिंता वाटते. सर्व संबंधित पक्षांनी संयम बाळगावा." पहिली ओळ सोडली तर जानेवारीत तू मला टाइप करून पाठवलंस तेच, शब्द न् शब्द. म्हणजे मला पाठवलेलं ते पत्र नव्हतंच, कुठल्याशा फाइलीतून उचलून खाली सही ठोकली होतीस. जुनेदचा पाय जायच्या आधी जे वाक्य तयार होतं तेच पाय गेल्यावर वापरलंत. वाचून मला काय वाटलं माहीत आहे? मेलेल्या घुशीवरून पाय पडला तर वाटतं तसं वाटलं. सर्व पक्षांनी संयम बाळगावा म्हणे. जुनेद कुठला पक्ष रे?

डिसेंबरातच एक पाकीट गेलं असतं तर तो तेव्हाच दोन्ही पायांवर घरी आला असता. हे तूही जाणतोस. बोटीच्या इंजिनरूममध्ये शिड्या उतराव्या लागतात, त्याची नोकरी संपली. हफीजा हे अजून बोललेली नाही, पण तिला ते कळलंय.

शिमगा झाला. या वर्षीही पऱ्यापलीकडे दोन नारळ गेले. आता ती रीतच पडलीय, त्यासाठी कुणी शिव्या खाल्ल्या होत्या हे कुणाच्या लक्षातही नाही. मान तुझा, पण तू येत नाहीस, म्हणून तुझा चुलतभाऊ शिवा नेतो. तो विचारत होता, हर्षददादा कसा आहे. मी म्हटलं, संयम बाळगून आहे.

आई


रत्नागिरी, २१ मे

हर्षद,

काल तू आपण होऊन फोन केलास. केवढा हरखला होतास. जुनेद सरहद्दीवरून आपल्या हद्दीत आला, इस्पितळात आहे, आठवड्याभरात घरी पोचेल. ऐकल्याबरोबर मी फोन तसाच ठेवून खिंडीतून धावल्ये, चिऱ्याला पाय अडकून पडल्ये, गुडघा फुटला. हफीजाला सांगितलं. ती जमिनीवर बसली नि तिने कपाळ टेकलं, नि मी तिच्या शेजारी फुटका गुडघा धरून बसल्ये. तो आनंद खराच होता. तुझा फोन चालू होता हे घरी आल्यावर आठवलं.

तू परत केलास. हातात फोन होता तो फेकून द्यावा असं वाटण्याइतकं तू पुढे बोललास.

म्हणजे झालं असं. तुमचा रस्ता त्या बंडवाल्यांच्या मुलखातून जातो. काम अडलं. तेव्हा तुमचे साहेब कुठल्याशा तिसऱ्या देशात जाऊन त्याच बंडवाल्यांसमोर बसले. तूही बसलास. कागदावर त्यांच्या संघटनेचं नाव अगदी पूर्ण, वर मानाचे शब्द घालून लिहिलंत. रस्त्याचं ठरल्यावर चहा पिताना जुनेदचं नाव निघालं, तेही त्यांनीच काढलं, तुम्ही नाही. "तुमचा एक माणूस आहे आमच्याकडे, नेता का?" हे तू मला गंमत म्हणून सांगितलंस. गंमत म्हणून.

म्हणजे नाव लिहिता येत होतं. लिहिल्याने आकाश कोसळलं नाही, राजधानीतले पाहुणे रुसून बसले नाहीत. दुसरा नारळ तुम्ही नेलात, पण खडी नि डांबरासाठी नेलात.

आणि वर तू म्हणालास, "आई, डिसेंबरात मीच फाइलवर लिहिलं होतं की तूर्त पत्र देऊ नये. थांबलो म्हणून तर हे जमलं. तुला यातलं कळायचं नाही." मला असं वाटत होतं की वरचे कुणी तुला करू देत नाहीत, तू आतल्या आत तडफडतोयस. इतके महिने मी स्वतःची हीच समजूत घालत होत्ये. तर नकार तुझ्याच हाताचा होता. ज्या हाताकडून मी अक्षरं गिरवून घेतली तो हात.

मध्ये तिकडे भूकंप झाला तेव्हा आपली विमानं औषधं घेऊन गेली. मी पेपर घेऊन हफीजाकडे गेल्ये होत्ये, म्हटलं, बघ, आपली माणसं चांगलीच आहेत. ते मनापासून म्हटलं होतं. अजूनही ते मागे घेत नाही. पण तुझ्याबद्दल तसं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आज हफीजाला सगळं सांगून टाकलं. हर्षद प्रयत्न करतोय म्हणून मी रोज सांगत होत्ये ते खोटं होतं, नकार त्यानेच लिहिला. ती सोलं वाळत घालत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं, बाई. खोटं बोलताना तुम्ही चष्मा काढून पुसता. वर्गात साहेब तपासणीला आले की तुम्ही चष्मा पुसायला लागायचात, जुनेद घरी येऊन नक्कल करून दाखवायचा."

म्हटलं, "मग मला गप्प का नाही केलंस?"

"तुम्ही रोज येत होतात ना. खरं बोलायला लावलं असतं तर तुम्हाला यायची शरम वाटली असती. मग मी कुणाबरोबर बसल्ये असते?"

हातातली सोलं पसरून म्हणाली, "जुनेदला मात्र सांगू नका. फोनवर मी त्याला तेच सांगत होत्ये, हर्षद लागलाय मागे म्हणून. तेवढ्यावर तो तिथे राहिला."

आई


रत्नागिरी, १४ जून

हर्षद,

तुझा निरोप मिळाला होता, "मला येता येत नाही, सत्कार माझ्यातर्फे तू स्वीकार." स्वीकारला. कसा ते सांगत्ये.

जुनेदला सोडवल्याबद्दल तुझा सत्कार, म्हणून हॉल गच्च भरला होता. पाठीमागे तुझा फोटो, पुरुषभर उंचीचा. रत्नागिरीचे सुपुत्र, शांत मुत्सद्देगिरीचे शिल्पकार, असं काय काय खाली लिहिलेलं. जुनेदलाही स्टेजवर बसवला होता, खुर्चीत, पँटचा एक पाय दुमडून पिन लावलेला. तो लोकांना दिसावा म्हणून त्याची खुर्ची जरा पुढे ओढली. पुढाऱ्यांची भाषणं झाली. युद्ध कसं मिटवावं हे जगाने आपल्याकडून शिकावं, असं एकजण म्हणाला, टाळ्या पडल्या. तिकडचं युद्ध चालूच आहे, पण तो तपशील झाला. मग शाल नि श्रीफळ माझ्या हातात दिलं. जुनेदला उभं करून गुच्छ दिला. दोन्ही हात कुबड्यांवर असलेल्या माणसाने गुच्छ कशाने धरावा? तो त्याने तोंडात देठ धरून घेतला नि हसला, म्हणून सगळे हसले. मी बाहेर येऊन गटारापाशी वाकल्ये नि ओकल्ये. सोबतच्या बायका म्हणाल्या, बाईंना उकाडा बाधला.

नारळ घरी आणला. देव्हाऱ्यात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनेद आला. खिंडीतून कुबड्या जाईनात, म्हणून रस्त्याने मोठा वळसा घालून आला. म्हणाला, "बाई, पंप ओरडतोय तो तिकडे ऐकू येतो. उघडून बघतो." नको म्हटलं तरी ऐकतो कशाला. विहिरीच्या कठड्याला टेकून पाट मांडून बसला, कुबड्या बाजूला टाकल्या, झाकण उघडलं. पाना हातात घेतल्यावर चेहरा जरा पहिल्यासारखा झाला त्याचा. हफीजा पलीकडून खिंडीशी येऊन उभी राहिली.

काम करता करता, मान वर न करता त्याने विचारलं, "बाई, हर्षदने खटपट केली होती ना माझ्यासाठी? मी तिकडे सगळ्यांना सांगायचो, माझा दोस्त त्याच खात्यात आहे, आज ना उद्या पत्र येईल. हसायचे मला. रोज विचारायचे, आलं का दोस्ताचं पत्र."

मी म्हटलं, "केली रे. पुष्कळ केली. वरच्यांनी ऐकलं नाही."

तेव्हा त्याने मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. माझ्या एका हातात चष्मा होता नि दुसऱ्या हातात पदराचं टोक.

"बरं, बाई," म्हणाला. झाकण लावलं, एकेक नट आवळला, बटण दाबायला सांगितलं. पंप चालू झाला, अगदी गुपचूप, कसलाही आवाज न करता. मग त्याने कुबड्या मागितल्या नि परत त्या मोठ्या वळशाने घरी गेला. चहाला थांबला नाही. हफीजा तशीच उभी होती, ती म्हणाली, "जाऊ दे, बाई," आणि आत गेली.

तर हे माझं शेवटचं. तुझ्यातर्फे सत्कार स्वीकारला, तुझ्यातर्फे खोटं बोलल्ये, आता तुझ्यातर्फे मी काही करणार नाही. तो सत्काराचा नारळ ओटीवर ठेवलाय. तू ये, तो उचल नि हफीजाच्या पायरीवर जाऊन उभा राहा. गाडी नको, शमिका नको, टाइप केलेलं काही नको. परसातून जाऊ नकोस, रस्त्याने जा. तिथे काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तुझ्या वडिलांनाही कुणी सांगितलं नव्हतं. दार उघडेल की नाही तेही मला सांगता येत नाही.

नारळ जुनाच दिलाय त्यांनी, कानाशी धरून हलवला तर पाणी थोडंच वाजतं. फार दिवस टिकायचा नाही.

आई